परक्या फांदीवरचे बिऱ्हाड

एखाद्याला 'बांडगूळ' म्हटले की आपण त्याचा निकाल लावून मोकळे होतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा! महाबळेश्वरच्या रानात मात्र हा निकाल इतका सोपा राहत नाही. तिथे जांभळाच्या फांदीवर बांडगूळही बिऱ्हाड करते आणि आमरीही.

आमरी फांदीला मुळांनी नुसती बिलगते. त्या मुळांवर पांढुरके, स्पंजासारखे आवरण असते. त्यातून ती पावसाचे पाणी शोषते. झाडाच्या रसाला ती शिवत नाही. उजेडासाठी उंचावरची जागा तेवढी घेते. अमेरिकेतल्या दाट रानांत अननसाच्या कुळातल्या कित्येक वनस्पती अशाच राहतात. पानांच्या द्रोणात पाणी साठवतात आणि त्यात बेडकांची पिलेसुद्धा वाढतात. (आपला अननस बापडा जमिनीवरच समाधानी!) बांडगूळ मात्र फांदीच्या आत मूळ खुपसून तिच्यातले पाणी आणि क्षार ओढून घेते.

आमरी मानी आणि बांडगूळ ऐतखाऊ, असे म्हणून आपण उठणार, तोच वनस्पतिशास्त्र आडवे येते. बांडगुळाची पाने हिरवी असतात. आपले अन्न ते उन्हात स्वतः तयार करते. उलट आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्याच्या गाठीला शिदोरीच नसते. रानात ते रुजते ते बुरशीने भरवले म्हणून.

मग स्वावलंबी म्हणायचे कोणाला? साताऱ्याला हा प्रश्न नवा नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली येथे वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि कष्ट करून शिकत. स्वावलंबन हे तर रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच. पण मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. त्या अन्नावर वाढलेल्या मुलांना आश्रित म्हणण्याची कोणाची छाती आहे?

देणाऱ्याचे नुकसान होते की नाही, हीही कसोटी पुरत नाही. लक्ष्मीबाईंचे तर सारेच गेले. पण त्यांनी ते आपल्या हाताने दिले. जांभळाला कोणी विचारले नव्हते. आंब्याच्या बागेत बांडगूळ दिसले की बागवान ते फांदीसकट छाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. झाडाला तोंड नाही, म्हणून कोयता बोलतो. घरातल्या माणसांना तोंड असते. तरी माझ्या पाहण्यात 'बांडगूळ' हा शब्द वाढणारीच्या तोंडून क्वचितच आला. तो येतो शेजारच्या पाटावर बसून जेवणाऱ्याच्या तोंडून.