साक्षी आणि साक्षीदार

आपल्या भाषेत 'साक्षी' आणि 'साक्षीदार' हे दोन शब्द एकाच घरात जन्मले. पण मोठेपणी त्यांनी अगदी वेगळ्या वाटा धरल्या. साक्षी हा वेदान्तातला. तो सारे पाहतो आणि कशानेही लिप्त होत नाही. साक्षीदार हा कोर्टकचेरीतला. त्याने एकदा पाहिले की तो अडकला; पिंजऱ्यात उभे राहून, जे पाहिले ते सांगणे त्याला चुकत नाही. प्रवासाला निघालेला माणूस या दोहोंपैकी कोण? मला वाटते, आपण बहुतेक जण साक्षी होण्याच्या इच्छेनेच घर सोडतो. चार दिवस कुणाचे देणे नको, घेणे नको. मोटारीच्या काचेबाहेर जे सरकेल ते पाहावे आणि परत यावे. हा आनंद निरागस आहे खरा. पण आपल्या पाहण्याने आपल्यावर काहीच बांधिलकी येत नाही का, हा प्रश्न आम्हां घरच्या पाच जणांना श्रीलंकेच्या रस्त्यांवर पडला, आणि त्यावर घरात अजून एकमत झालेले नाही.

माझ्या आईच्या पिढीला लंका दोनच वाटांनी ठाऊक : एक रामायणाची, दुसरी रेडिओ सिलोनची. दर बुधवारी बिनाका गीतमाला ऐकत वाढलेली आई सत्तरीत त्या बेटावर उतरली, तेव्हा आपण माहेरच्या कुणाकडे आलो आहोत असाच तिचा चेहरा होता. देश आपल्या महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून किंचित मोठा, आणि परका असा वाटतच नाही. वाहने डावीकडूनच चालतात, रिक्षा आपल्या बजाजच्या, नमस्कार हात जोडूनच. भेटताना म्हणायचे 'आयुबोवन', म्हणजे दीर्घायुषी व्हा. आभार मानायचे तर 'स्तुती' म्हणायचे. शहाळी मात्र केशरी रंगाची. आईला ती आधी पिकलेली वाटली.

कँडी मागे टाकून आम्ही नुवारा एलियाच्या घाटाला लागलो. अंतर पाऊणशे किलोमीटरांचे; पण वळणांमागून वळणे, आणि प्रत्येक वळणावर चहाचे मळे. "बाबा, हिरवा गालिचाच अंथरलाय कुणी तरी!" मुलगी म्हणाली. उपमा जुनीच, पण खोटी नव्हती. आणि गालिचा म्हटला की विणणारे हात आलेच.

त्या डोंगरांवर आधी कॉफी होती. १८६९ साली तिच्या पानांवर तांबेरा पडला आणि वीसेक वर्षांत तो धंदा बुडाला. जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने त्यापूर्वीच, १८६७ मध्ये, कँडीजवळ लूलकंदुरा येथे एकोणीस एकरांत चहा लावला होता. पुढे साऱ्या डोंगरांनी तोच कित्ता गिरवला. मजूर मात्र आधी कॉफीसाठी आणि मग चहासाठी मद्रास इलाख्यातूनच आणले गेले. १९४८ साली देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने मळ्यांतली ही लाखो तमिळ माणसे बिनदेशाची ठरली. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार केला : ५,२५,००० माणसे भारताने घ्यावीत, ३,००,००० लंकेने ठेवावीत, उरलेल्या १,५०,००० जणांचे पुढे पाहावे. कुणाचाच देश नाही अशी जी माणसे तरीही मागे उरली, त्यांना लंकेच्या नागरिकत्वासाठी २००३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. आमच्या गाडीचे चालक अशाच मळ्यात वाढलेले. ते आईला 'अम्मा' म्हणत. "माझ्या आजोबांचे थोरले भाऊ करारात निलगिरीला गेले, आजोबा इथे राहिले," त्यांनी सांगितले. "दोघांनी जन्मभर चहाच तोडला."

पुढच्या वळणावर गाडी थांबली. मुलीने मोबाइल रोखताच उतारावरच्या एका बाईने मान वर केली, पदर सारखा केला, हसली, आणि मग तळहात पुढे केला. कॉलेजात जाणारा मुलगा पुटपुटला, "हे तर विकतचं हसू झालं." त्याची आई चिडली. "उन्हात उभं राहून राबणाऱ्या बाईनं तुझ्यासाठी फुकट हसावं, असं तुझं म्हणणं आहे का?" हा वाद चालू असता आई खाली उतरली होती. तिने बोटांनी त्या बाईला मुले किती ते विचारले. बाईने तीन बोटे दाखवली, आईने चार. मग चालकाला मध्ये घालून तिने विचारले, "पानं कमी भरली तर काय करतात गं?" उत्तर आले, "ठरलेलं वजन झालं नाही, तर पुरा रोज मिळत नाही." निघताना त्या बाईने दोन पाने आणि एक कळी खुडून आईच्या हातावर ठेवली.

मुलाचा आक्षेप मात्र संपला नव्हता. दक्षिण किनाऱ्यावर कोग्गलाजवळ समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणारे कोळी दिसले. आता त्यांतल्या अनेकांची कमाई माशांपेक्षा फोटोवर अधिक. "म्हणजे हे सोंगच," तो म्हणाला. पण हे सोंग मागितले कुणी? बदललेले जग आम्हांला पाहायचे नव्हते, जुने चित्र हवे होते. बाजारात ज्या मालाला गिऱ्हाईक असते, तो माल येतोच.

यावर पत्नीने विचारलेला प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. "प्रत्येक देखाव्यामागचं दुःख मोजायचं, तर माणसानं सुटीवर जाऊच नये का?" जावे. डोंगर सुंदर आहेत, आणि ते पाहून हरखणे हा अपराध नव्हे. साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे, की आरोपीही नव्हे. त्याच्यावर एकच बंधन असते : जे पाहिले त्यातले अर्धे गाळून सारे सांगितल्याचा आव आणू नये. गालिचा सांगितला तर कमी भरलेल्या टोपलीचेही सांगावे. नाणे दिल्याने हे बंधन फिटत नाही; न दिल्यानेही नाही. आईने पैसे दिले की नाही, हे मला आठवतसुद्धा नाही. तिने प्रश्न विचारला, तो आठवतो.

आणि त्यासाठी समुद्र ओलांडायला हवा असेही नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून साखर कारखान्यांच्या दिशेने ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. वर संसार, भांडी, कोयते, आणि त्यांत बसलेली मुले. आपली मोटार त्यांना मागे टाकून फराळाच्या डब्यांसह पुढे जाते. कोजागरीला आटवलेल्या दुधातली साखर गोडच लागते, आणि लागावी. सुटी संपून माझी शाळा उघडते, तेव्हा हजेरीत काही नावांना उत्तर येत नाही. ती नावे वाचून पुढे सरकता येते. किंवा ती मुले कुठे गेली, कशासाठी गेली, हे उरलेल्या वर्गाला सांगता येते. मी सांगतो. त्याने उसाच्या फडातले एकही मूल परत वर्गात येत नाही, असे पत्नी म्हणते, आणि ते खरे आहे. पण फेब्रुवारीत वर्गातल्याच एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते आल्यावर त्यांचा बुडालेला अभ्यास कोण घेणार?" आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तो घेतो.