कावीळ, भुईआवळी आणि डॉक्टर



पावसाळ्यात आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो की एखाद्या घरी तरी कावीळ भेटतेच. काही वर्षांपूर्वी एका घरी आठ महिन्यांची गरोदर सून पिवळ्या डोळ्यांनी पडून होती. सासूबाई पाच दिवस भुईआवळीचा रस पाजत होत्या. सुनेच्या गळ्यात काड्यांची माळ होती. "फादर, डॉक्टरांना सांगू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. सुनेवर त्यांची माया होती, यात शंका नाही.

सिराक ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी जरूर वाचा. औषधे परमेश्वरच जमिनीतून उपजवतो, शहाण्याने ती नाकारू नयेत, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे वाडीतली भुईआवळीही त्याचीच. पण तोच लेखक पुढे सांगतो की आजारपणात प्रार्थना करा आणि मग वैद्यालाही जागा द्या, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे. आपण अर्धाच अध्याय पाळतो!

दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे जे औषध घेतले त्याला श्रेय मिळते. माळ लांबते ती काड्या सुकून दोरा सैल होतो म्हणून. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ई' कावीळ जिवावर बेतू शकते. 'बी' कावीळ रक्तातून आणि आईकडून बाळाला होते. तिच्यावर भुईआवळी गुणकारी असल्याची आशा १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी दाखवली होती, पण नंतरच्या चाचण्यांत ती टिकली नाही. 'बी'वर लस मात्र आहे. बाळाला ती जन्मतःच टोचून घ्यावी.

पाला चुकीचा नव्हता, लपवणे चुकीचे होते. डॉक्टरांपासून लपवलेले औषध देवाचे दान राहत नाही, असे मला वाटते. रोग्याने काय काय घेतले हे कळल्याशिवाय त्यांनी तरी उपचार कसे करावेत?

त्या रात्री आम्ही सुनेला इस्पितळात नेले. ती वाचली. बाळ वाचले नाही. सासूबाईंना मी काही बोललो नाही, नुसता त्यांच्याजवळ बसून राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीचे डोळे पिवळे झाले. तिला घेऊन त्याच सासूबाई दवाखान्यात गेल्या. पिशवीत भुईआवळीची जुडी होती, डॉक्टरांना दाखवायला.