सोडतां येण्याजोगी नोकरी

दोन वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतून पदवी घेऊन गेलेला एक विद्यार्थी परवां घरीं आला. त्याच्याजवळ दोन नेमणूकपत्रें होतीं. एक राष्ट्रीयीकृत बँकेचें, प्रोबेशनरी ऑफिसरच्या जागेचें. पहिली नेमणूक कोठल्या तरी तालुक्याच्या गावीं होणार. दुसरें मुंबईंतील एका दलाली पेढीचें. काम फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या खात्यांत आणि पगार पहिल्याच्या दुप्पट. वडिलांनीं बँकेचा पक्ष घेतला होता, मामांनीं पेढीचा. "सर, आपण काय केलें असतें?" असें त्यानें विचारलें.

आमच्या पिढीनें फारसा विचार न करतां बँक पत्करली असती. परंतु ज्या निवृत्तिवेतनासाठीं आम्ही बँकेचा उंबरठा पूज्य मानीत होतों, तें जुनें निवृत्तिवेतन १ एप्रिल २०१० पासून नव्यानें लागणाऱ्या बँकनोकरांस मिळत नाहीं. तेव्हां वडिलांचा तो मुद्दा निम्मा लंगडा झाला आहे.

मग राहतो प्रश्न कामाच्या स्वरूपाचा. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें मागील तीन आर्थिक वर्षांत ह्या फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या बाजारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांनीं पैसे गमावले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. गिऱ्हाईक तरो वा बुडो, पेढीची दलाली प्रत्येक सौद्यावर चालूच असते. हें आम्हीं सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "मी कोणाला फसवणार नाहीं, माझें काम आकडे मांडण्याचें." आमचें समाधान झालें नाहीं. तथापि बँकेंत सोवळें सांभाळलें जातें असेंही नव्हे. ठेव ठेवावयास आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यांत विम्याची पॉलिसी बांधण्याचें 'टार्गेट' तेथल्या अधिकाऱ्यासही असतें.

दोहींकडे एक दिवस असा येणारच, कीं वरिष्ठ जें करावयास सांगतील तें करूं नये असें मन म्हणेल. त्या दिवशीं 'नाहीं' म्हणण्याची ताकद कोठें अधिक उरेल? व्हर्सायच्या तहाच्या अटी न पटल्यामुळें केन्सनें १९१९ सालीं ब्रिटिश अर्थखात्यांतून अंग काढून घेतलें. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनीं १९५६ सालीं केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलें. हीं उदाहरणें वर्गांत सांगावयास फार सोयीचीं. आम्हींही तीं वर्षानुवर्षें सांगितलीं. पण केन्सला परतावयास केंब्रिज होतें, हें सांगावयाचें आम्ही बहुधा विसरत आलों.

मामांचें म्हणणें असें, कीं मोठ्या पगारानेंच ही मोकळीक विकत घेतां येते. हिशेबानें तें बरोबर आहे. व्यवहारांत मात्र खर्च पगाराच्या पाठोपाठ जिना चढतो. पहिल्या वर्षीं मोटार, दुसऱ्या वर्षीं वीस वर्षांच्या कर्जावर डोंबिवलीस किंवा ठाण्यास घर. आणि मग हप्त्याची तारीख हीच माणसाची सदसद्विवेकबुद्धि होऊन बसते! अर्थात् दारिद्र्यही तोंड बांधतेंच. बहिणीच्या शिक्षणाचें कर्ज अजून फिटावयाचें आहे असें त्यानें सांगितलें, तेव्हां आमच्या उपदेशाचा सूर आपोआप खालीं आला.

आमचा कल बँकेकडे आहे, हें आम्हीं लपविलें नाहीं. तरीही पेढींतच जावयाचें असेल तर एक अट घाल, असें आम्हीं त्यास सांगितलें: पहिलीं दोन वर्षें बँकेनें दिला असता तेवढ्याच पगारांत राहावें, वरच्या रकमेंतून आधीं बहिणीचें कर्ज फेडावें आणि उरेल ती शिल्लक टाकावी.

"मग पेढींत जाण्यांत मौज ती काय?" त्यानें हंसत विचारलें, आणि लगेच गंभीर होऊन घरखर्चाचे आकडे पाकिटाच्या पाठीवर मांडूं लागला. दर महिन्यास घरीं किती लागतें, हें त्यास ठाऊक नव्हतें. वडिलांना विचारून येतों म्हणून तो गेला. बँकेस उत्तर देण्याची मुदत येत्या पंधरवड्यांत संपते.