इतिवृत्तात न येणारी भीती

28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलईच्या हुडको वसाहतीत शंकर गुहा नियोगी झोपलेले असताना खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलाद कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या खासगी उद्योगांतल्या कंत्राटी कामगारांसाठी ते लढत होते. पुढच्या वर्षी 1 जुलैला हेच कामगार रेल्वेरुळांवर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले कितीतरी मारले गेले. अशा गावात कामगारवस्तीतल्या दवाखान्याचा अर्ज एखाद्या छोट्या धर्मादाय संस्थेसमोर येतो, तेव्हा चेकवर सही करणाऱ्याचा हात थबकणारच. पण त्या थबकण्याचं पुढे काय होतं, ते पाहण्यासारखं असतं.

छोट्या संस्थेची सभा बहुधा कुणाच्या तरी घरच्या बैठकीत भरते. चारपाच विश्वस्त, त्यातले दोन निवृत्त. खजिनदाराच्या मांडीवर पासबुक आणि चेकबुक असलेली प्लास्टिकची पिशवी. अर्ज वाचून होतो, काम चांगलं आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘हे लोक नक्की कोणाचे?’ खोलीत जरा शांतता पसरते. इतिवृत्तात मात्र हा प्रश्न उतरत नाही. तिथे येतं ते एवढंच : तीन वर्षांचे ताळेबंद मागवावेत, विषय पुढील सभेत घ्यावा.

भीती अशी कागद होऊन बाहेर पडते आणि अर्जदाराच्या दारात जाऊन उभी राहते. संस्थेची धास्ती तिकडच्या कार्यकर्त्याच्या खेपा होते, झेरॉक्सचा खर्च होतो, दवाखान्याचं थकलेलं भाडं होतं. विश्वस्त मात्र आपण फक्त काटेकोर राहिलो, असं समजून घरी जातात. ती माणसं वाईट नसतात. म्हणून तर ही गोष्ट इतकी सहज घडते.

भीतीला कारणं आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. परदेशी देणग्यांचा कायदा पहिल्यांदा 1976 मध्ये, आणीबाणीत आला. 2010 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आणली. खेड्यापाड्यांतल्या छोट्या गटांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारा तो झरा तिथेच आटला. छत्तीसगडात त्यावर 2005 चा विशेष जनसुरक्षा कायदा आहे. बेकायदा ठरवलेल्या संघटनेला वर्गणी देणं हाही त्यात गुन्हा. त्याच कायद्याखाली मे 2007 मध्ये डॉ. बिनायक सेन यांना अटक झाली. आदिवासी आणि कामगारांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉक्टरवर ही वेळ येते म्हटल्यावर पाच लाखांच्या ठेवीवर चालणाऱ्या संस्थेने दुधाने तोंड पोळल्यासारखं ताकही फुंकून प्यावं, हे समजण्यासारखं आहे.

सेन ज्या दवाखान्याच्या उभारणीत होते, त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. भिलईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा इथे जून 1977 मध्ये पोलीस गोळीबारात 11 जण गेले. पुढे कुसुमबाई ही खाणकामगारांच्या युनियनची पुढारी बाळंतपणात उपचारांवाचून गेली. खाणकामगारांनी ठरवलं, आपला दवाखाना आपणच बांधायचा. आधी छोटं क्लिनिक निघालं, आणि 3 जून 1983 ला, गोळीबारातल्या शहिदांच्या स्मृतिदिनी, शहीद हॉस्पिटल उघडलं. पैसा कामगारांच्या वर्गणीचा, अंगमेहनतही त्यांचीच. बाहेरून देऊ केलेल्या देणग्या त्यांनी नम्रपणे परत केल्या.

हा नकार स्वाभिमानातून आला, यात शंका नाही. पण त्यात भीतीचा हिशोबही होता, आणि तो फार शहाणा होता. बाहेरचा दाता उद्या घाबरला तर हात आखडता घेईल आणि खाटेवरचा रुग्ण त्याची किंमत मोजेल. देणारा आणि घेणारा एकाच वस्तीतला असला, की दात्याला घाबरून पाठ फिरवायला दुसरी जागाच उरत नाही. हे हॉस्पिटल आजही चालू आहे.

प्रत्येक संस्थेला असं करता येणार नाही. पण भीती आपल्या अंगावर घेण्याच्या इतर रीती आहेत, आणि त्यातल्या दोन मराठी माणसांना घरच्या वाटाव्यात अशा आहेत. अनिल अवचटांचं गर्दच्या व्यसनावरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. व्यसनमुक्ती केंद्र चालवण्याचा अनुभव तेव्हा कुणाला होता? किती जण बरे होतील, किती पुन्हा गर्दकडे वळतील, हे कोण सांगू शकत होतं? रक्कम बुडण्याची शक्यता देणाऱ्यांनी आपल्या खात्यावर मांडली. केंद्र उभं करणाऱ्या सुनंदाताई अवचटांकडून यशाची हमी कुणी लिहून घेतली नाही, आणि त्यामुळे त्यांना काम करायला मोकळीक मिळाली.

दुसरी रीत सामाजिक कृतज्ञता निधीची. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून पैसा उभा केला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. या निधीमागे नरेंद्र दाभोलकर होते. या निधीचा पैसा प्रकल्पाला मिळत नसे, माणसाला मिळे. चळवळ हरली, मोर्चा फसला, तरी कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटायची. भीती वाटणाऱ्या दात्यासाठी ही मोठी सोय आहे. प्रत्येक कामाचा निकाल काय लागेल याची धाकधूक त्याला करावी लागत नाही, फक्त माणूस पारखून घ्यावा लागतो. ती पारख कागदांनी होत नाही. त्यासाठी त्याच्या गावी जावं लागतं, त्याच्या घरी जेवावं लागतं, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं.

भिलईतल्या विश्वस्तांनाही दल्ली-राजहराचा रस्ता दूर नाही. पुढच्या सभेआधी दोघांनी जाऊन दवाखाना पाहून यावं. आणि सभेत तो प्रश्न पुन्हा निघाला, तर खजिनदाराने तो इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवावा : कशाची भीती वाटली, कुणाला वाटली, आणि ती खरी की खोटी हे कोणत्या तारखेपर्यंत पाहायचं ठरलं. सहमती झाली नाही, तर नकाराचं पत्र त्याच आठवड्यात जावं, म्हणजे तिकडे भाड्याची वाट पाहणाऱ्याला दुसरं दार ठोठावता येईल.