दान देऊन जबाबदारी संपते काय?

इस्लामने संपत्तीकडे पाहण्याची जी दृष्टी दिली आहे, तिच्या मुळाशी एक साधा परंतु कठोर विचार आहे. माणसाजवळचे धन अल्लाहचे आहे आणि माणूस त्याचा विश्वस्त आहे. पवित्र कुरआनच्या सूरह जारियात आणि सूरह मआरिजमध्ये सदाचारी लोकांचे वर्णन करताना सांगितले आहे, की त्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. या ‘हक्क’ शब्दाने देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते पालटून जाते. जकात देणारा मनुष्य दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले होते, ते परत करीत असतो.

हे मान्य केले, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. दुसऱ्याची ठेव परत करावयास निघालेला मनुष्य ती वाटेत कोणाच्याही हाती सोपवून ‘मी मोकळा झालो’ असे म्हणू शकतो काय? शेजारच्या विधवेला धान्य दिले, तर ते तिच्या घरी शिजताना दिसते. परंतु युद्धाने होरपळलेल्या दूरच्या लोकांसाठी दिलेला पैसा अनेक हातांतून, बंदरांतून आणि चौक्यांतून जातो. तेथे देणाऱ्याची जबाबदारी नेमकी कोठे संपते?

यमनचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी राजधानी सना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी युद्धात उतरली. दोन्ही बाजूंना कलमा पढणारे लोक होते, ही या दुःखातील अधिक बोचणारी गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ३ लाख ७७ हजार असा दिला. त्यांतील जवळजवळ ६० टक्के मृत्यू गोळी किंवा बॉम्बने झालेले नव्हते. ते भुकेने, दूषित पाण्याने आणि औषधोपचाराच्या अभावाने झाले होते, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालकांचा वाटा फार मोठा होता.

असे का घडले, हे समजून घेतले पाहिजे. यमन आपल्या गरजेचा बहुतेक गहू परदेशातून आणतो. लाल समुद्रावरील होदेदा बंदरात अडथळा आला, की डोंगराळ भागातल्या खेड्यात पिठाचा भाव चढतो. चलनाची किंमत घसरली, असंख्य शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांचे पगार महिनोन् महिने थकले. पाणी उपसणारे पंप डिझेलअभावी बंद पडले, तेव्हा लोकांनी मिळेल ते पाणी प्यायले. २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या पटकीच्या साथीत २०१७ संपण्यापूर्वीच संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. बाजारात धान्य दिसत होते, पण ते विकत घेण्याइतके पैसे घराघरांत उरले नव्हते.

दानाचे काम येथे सुरू होते आणि ते दिसावयास फार साधे असते. पटकीच्या रुग्णाला क्षार-साखरेचे पाणी वेळेवर मिळाले, तर बहुतेक वेळा त्याचा जीव वाचतो. अतिकुपोषित बालकाला शेंगदाणे, दूधभुकटी, तेल आणि साखर यांपासून बनवलेल्या पौष्टिक लगद्याच्या पुड्या देतात. ९२ ग्रॅमच्या एका पुडीतून सुमारे ५०० कॅलरी मिळतात आणि काही आठवड्यांच्या उपचाराने मूल सावरते. कोठे पाण्यात क्लोरीन टाकले जाते, कोठे पंपासाठी डिझेल पुरविले जाते, कोठे कुटुंबाच्या हाती थेट रोख रक्कम दिली जाते. परंतु पुडी त्या मुलापर्यंत पोहोचलीच नाही, तर देणाऱ्याच्या पावतीने त्याची भूक भागत नाही.

आणि ती नेहमीच पोहोचते असेही नाही. जून २०१९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सनामधील धान्यवाटप अंशतः थांबविले. गरजूंसाठीचे अन्न अन्यत्र वळविले जात असल्याचे कारण त्यामागे होते आणि त्याचा परिणाम सुमारे साडेआठ लाख लोकांवर झाला. तथापि कुपोषित बालके, गर्भवती आणि स्तनदा माता यांचा पोषक आहार त्या काळातही चालू ठेवण्यात आला. पुढे नोंदणीविषयी तडजोड झाल्यावर वाटप पुन्हा सुरू झाले. या प्रसंगात एक मोठा नैतिक पेच दडलेला आहे. अन्न देत राहावे, तर भुकेल्याचा घास बळकट माणूस पळवितो. थांबवावे, तर त्या बळकटाचे काही बिघडत नाही आणि उपाशी राहतो तो दुबळाच.

आपल्या फुकहांनी हा प्रश्न वेगळ्या रूपात फार पूर्वी हाताळला आहे. हनफी फिकहनुसार जकात अदा होण्यासाठी ‘तमलीक’ आवश्यक असते, म्हणजे ती रक्कम किंवा वस्तू हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते. आपण नेमलेल्या प्रतिनिधीच्या खिशात ती पडून राहिली, तर आपले कर्तव्य अजून बाकी आहे. दुसरीकडे सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये एका मनुष्याची हकीकत आली आहे. त्याने रात्री नकळत एकदा चोराला, एकदा वाममार्गी स्त्रीला आणि एकदा धनवानाला सदका दिला. लोकांत त्याची चर्चा झाली, परंतु त्याचे दान स्वीकारले गेले आणि त्यातूनही त्या तिघांना सुधारण्याची वाट मिळू शकेल, असे त्याला सांगण्यात आले.

वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात. त्यांचा मेळ ‘तहर्री’ या संज्ञेत सापडतो. तहर्री म्हणजे देण्यापूर्वी आपल्या ऐपतीप्रमाणे केलेला शोध आणि विचार. हनफी उलेमांच्या मते, अशी चौकशी करून जकात दिली आणि नंतर घेणारा हक्कदार नव्हता असे कळले, तरी ती अदा होते. चौकशीच केली नाही आणि रक्कम चुकीच्या हाती गेली, तर ती पुन्हा द्यावी लागते. शाफई मसलकात याविषयी अधिक कडक मत आहे. कोकणातील आपल्या अनेक बंधूंनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. तत्त्व मात्र स्पष्ट आहे. शोध घेणे हे आपले काम आहे, परिणाम अल्लाहच्या हाती आहे.

‘पैसा कोठे जातो कोणास ठाऊक’ असे म्हणून हात आखडता घेणाऱ्याला या तत्त्वात सवलत नाही. शंका असेल, तर ती चौकशीचे कारण आहे, कंजुषीचे नव्हे. संस्था नोंदणीकृत आहे काय, तिचा हिशेब तपासला जातो काय, जकात आणि सामान्य देणगी ती वेगळी ठेवते काय, परदेशी मदतीबाबत देशाचा कायदा ती पाळते काय, हे विचारावयास कोणाचीही आडकाठी नाही. कपडा घेताना चार दुकाने फिरणाऱ्या आपण जकात देताना चार प्रश्नही विचारू नयेत?

याच संदर्भात ‘संस्था खर्चासाठी पैसे का घेते’ अशी तक्रार ऐकू येते. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत जकात गोळा करणे आणि वाटणे यासाठी नेमलेल्या लोकांचाही उल्लेख आहे. यादी तपासणारा, गोदाम राखणारा आणि तंट्याच्या प्रदेशातून मालमोटार नेणारा यांच्यामुळेच अमानत पोहोचते. उधळपट्टीला विरोध जरूर करावा, परंतु पोहोचविण्याचा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे.

आधी जवळचे की दूरचे, हा प्रश्नही रास्त आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनलाच पाठविले होते आणि तेथील श्रीमंतांकडून जकात घेऊन तेथील गरिबांत वाटावी, असे सांगितले होते. ‘किताबुल अमवाल’मधील वृत्तांतानुसार हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुआज (रजि.) यांनी यमनच्या जकातीचा काही भाग मदीनेला पाठविला, तेव्हा खलिफांनी हरकत घेतली. येथे घेणारा कोणी उरला नाही म्हणून पाठविले, असे उत्तर आले. यावरून स्थानिक गरिबाचा हक्क पहिला, हे कळते. गरज अधिक तीव्र असेल तेथे जकात पाठविण्यास फुकहांनी वाव ठेवला आहे, हेही विसरू नये. ज्या यमनमधून एके काळी मदीनेकडे जकात गेली, तोच यमन आज घेणाऱ्यांच्या रांगेत आहे. देणारे आणि घेणारे हात काळाच्या ओघात असे बदलत असतात.

म्हणूनच घेणाऱ्याचा मान राखणे हाही अमानतीचाच भाग आहे. उपकाराची जाणीव करून देऊन आणि मन दुखवून सदका वाया घालवू नये, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. हाडांचा सापळा झालेल्या मुलाचे छायाचित्र मोबाइलवर फिरविताना त्याच्या आईला काय वाटेल, हा विचार कितीजण करतात? आपल्या मुलाचे असे छायाचित्र आपण फिरू दिले असते काय?

शेवटची गोष्ट सातत्याची. बातमी ताजी असते तोवर देणग्या येतात आणि ती मागे पडली की आटतात. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर यमनमधील सर्वसाधारण धान्यवाटप स्थगित झाले. त्याच्या कारणांत तेथील अधिकाऱ्यांशी न झालेल्या कराराबरोबर निधीची टंचाईही होती. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नियमित असते, अशा आशयाची प्रसिद्ध हदीस आहे. रमजानमध्ये एकदा भरभरून देणे चांगलेच, परंतु भूक शव्वालमध्येही लागते. प्रत्येक घराने दरमहा एक लहानशी रक्कम बाजूला काढावी, वर्षातून एकदा तिचा हिशेब मागावा आणि मुलांना तो वाचून दाखवावा. दान म्हणजे मनाची लहर नसून पोहोचवावयाची ठेव आहे, हे मुले त्यातूनच शिकतील.

अल्लाह आपणास ही ठेव तिच्या मालकापर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो आणि युद्धात होरपळणाऱ्या सर्व निरपराध माणसांना शांती लाभो. आमीन.