स्पर्शाचा दावा

क्योतोनजीकच्या कुरामा पर्वतावर उपोषण करीत असता मिकाओ उसुई यांना साक्षात्कार झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. १९२२ साली त्यांनी प्रवर्तित केलेली रेकी पुढे हवाई बेटांतील हवायो ताकाता यांच्यामार्फत अमेरिकेत पोचली आणि आज तेथील काही रुग्णालयांतही तिला प्रवेश मिळाला आहे. साक्षात्काराचा पंचनामा करण्याचे शास्त्राला प्रयोजन नाही. परंतु साधकाच्या तळहातांतून प्राणशक्ती वाहते व तिच्या योगे व्यथा शमते, हा दावा रोग्याच्या खाटेपाशी रुजू झाला, की इतर औषधांप्रमाणे त्यानेही पुरावा दिला पाहिजे.

अशा दाव्यांच्या तपासाची रीत जुनी आहे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाज्ञेने मेस्मरप्रणीत ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करताना फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृतींनी काही रोग्यांचे डोळे बांधले, तेव्हा प्रयोग होत असल्याच्या नुसत्या समजुतीने झटके येतात आणि नकळत केलेला प्रयोग निष्फळ ठरतो, असे आढळले. हीच रीत रेकीस लावून २००८ साली अमेरिकेत फायब्रोमायाल्जियाच्या शंभर रोग्यांपैकी काहींवर रेकीच्या जाणकारांनी, तर काहींवर नटांनी उपचार केले; आठ आठवड्यांनंतर वेदना कोणाच्याच हाताने हटली नव्हती. याउलट, केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रोग्यांवरील २०११ च्या प्रयोगात रेकीने स्वास्थ्य वाढले खरे, पण रेकीचे केवळ सोंग केले असताही ते वाढले. नेहमीच्या शुश्रूषेवर ठेवलेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही.

रेकीचे अभिमानी या निष्कर्षाचा पूर्वार्ध तेवढा पुढे करतात, विरोधक उत्तरार्धावर संतुष्ट राहतात. आणि खऱ्या व खोट्या दोन्ही उपचारांत समान असलेली गोष्ट, म्हणजे त्या कठीण प्रहरी एकट्या त्या रोग्यासाठी शेजारी थांबलेली परिचारिका, दोघांच्याही नजरेतून निसटते. तिच्या सान्निध्याने व्याधी बरी होत नाही, हे खरे. तथापि व्याधी सोसणाऱ्याला धीर येतो, आणि हाही वैद्यकाच्या कर्तव्याचाच भाग होय. म्हणून परिचारिकेला रोग्यापाशी बसण्याची फुरसत मिळावी, ही मागणी कोणत्याही गूढ शक्तीच्या शिफारशीवाचून मंजूर होण्याजोगी आहे. आणि ती नामंजूर करून रेकीसाधकास पाचारण करणारे रुग्णालय आपल्या कर्तव्यातील कसुरीची भरपाई रोग्याच्या श्रद्धेतून वसूल करीत असते.