मेंढरं बसलेलं रान

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. मनानं दुधनीच्या शिवारात या. सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरचं, अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव. मराठीइतकीच कानडी कानावर पडते. तूर निघून बाजारात गेली, ज्वारीही काढून झाली. रान मोकळं आहे. दिवस कलताना धनगरांचा वाडा त्यात उतरतो. घोड्यावरचं बिऱ्हाड खाली येतं, जाळ्याची वाघर लागते, काळी दख्खनी मेंढरं आत बसतात.

आता फक्त रवंथ ऐका. बांधावरचं गवत, धसकटांतला पाला, बाभळीच्या शेंगा, माणसाच्या पोटाला न चालणारं सगळं दिवसभरात आत गेलं आहे. ते परत तोंडात येतं, बारीक होतं. तुमचा श्वासही तितकाच संथ होऊ द्या.

पहाटेपर्यंत मातीवर लेंड्या पसरतात, मूत मुरतं. उद्या रात्री वाघर थोडी पुढं सरकेल, परवा आणखी पुढं, आणि सारं वावर खतावेल. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, हल्ली पैसेही. पाऊस पडला की माती ते घेईल. पडीक जागचं गवत असं ज्वारीच्या कणसात जातं. या वाटेवर मनानं एकदा चालून या. मग आपल्या ताटातली भाकरी आठवा. तिच्यात कोणाकोणाचं पोट राबलं?

मन आणखी लांब जाऊ द्या. पेरू-बोलिव्हियात, अँडीजच्या उंच पठारांवर, केचुआ आणि आयमारा लोकांचं बिऱ्हाड लामा या जनावरावर उभं राहिलं. आपल्याकडे लोकर मेंढीची, ओझं घोड्याचं. तिथं दोन्ही लामाचंच. पंचवीस-तीस किलो मीठ नाहीतर वाळवलेले बटाटे घेऊन तांडा दरीत उतरायचा आणि मका घेऊन वर यायचा. झाडं नाहीत, म्हणून चुलीतही लामाच्या वाळक्या लेंड्या. कुस्कोजवळच्या मार्काकोचा इथल्या जुन्या तळ्याच्या गाळात सुमारे 2700 वर्षांपूर्वीच्या थरात मक्याचे परागकण सापडले, आणि त्याच सुमारास लेंड्यांवर वाढणारे सूक्ष्म जीवही. एवढ्या उंचीवर मका पिकला तो या खतामुळे, असं अभ्यासक मानतात.

तिथं लामाच्या कानात रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात. इथं दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं रंगवून ओवाळतात. ज्याच्यावर जगायचं, त्याच्यापुढं वर्षातून एकदा तरी वाकायचं. या वाकण्यापाशी थोडं थांबा.

आणि आता जे टोचतं तेही मनात येऊ द्या. चिंचोक्याची खळ देऊन विणलेलं घोंगडं पाठीवरून उतरलं. लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही. म्हणून कळपात दख्खनीच्या जागी मटणाला चांगला भाव देणारी माडग्याळ मेंढी येते आहे. धनगराला दोष देऊ नका, त्याला घर चालवायचं आहे. घोंगडं आपण घेणं सोडलं, हे मात्र खरं.

खत दोन्ही मेंढ्यांचं सारखंच. यंदा वाडा तुमच्या रानात उतरला, तर धान्य मापताना हात आखडू नका.